नव्या लाकडी कुंपणाला काय लावावं : ऑइल पेंट, पॉलिश की मुरणारं तेल?

घरामागच्या बागेला सागाच्या फळ्यांचं कुंपण घातलं, त्यावरून आता एक अख्खा पावसाळा गेला. या फळ्यांना आम्ही ऑइल पेंट दिला नाही, चकचकीत पॉलिशही दिलं नाही. बाहेरच्या लाकडासाठी आत मुरणारं रंगीत तेल मिळतं, ते दिलं. दुकानात त्याला कुणी वूड स्टेन म्हणतं, कुणी एक्स्टिरिअर वूड ऑइल, कुणी डेक ऑइल. कोल्हापूरच्या हवेत बागेच्या कुंपणाला काय लावू, असं आज कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. का सांगेन ते जरा सविस्तर लिहिते, कारण ठरवायच्या वेळी मला ही माहिती एका जागी कुठंच मिळाली नव्हती. दुकानदार त्याच्याकडं जे असेल ते सांगतो, पेंटर त्याच्या हातात जे बसलंय ते सांगतो, आणि शेजारीपाजारी स्वतःच्या गेटला जे मारलं ते सांगतात.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या जातीची तेलं बऱ्याच कंपन्यांची मिळतात आणि डब्यावर काय वाचायचं ते कळलं की नावावर फार विसंबून राहावं लागत नाही. मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचायची सवय आहे, ती इथं फार कामाला आली.

आधी लाकडाबद्दल, कारण अर्धा निर्णय तिथंच होतो. आमचा साग नणंदेच्या भुदरगडकडच्या शेतातला, बांधावर लावलेला. रीतसर परवानगी घेऊन तोडला आणि सॉ मिलवर फळ्या काढून आणल्या. बांधावरचा कोवळा साग आणि जुन्या वाड्यातून निघालेला साग यात मोठा फरक आहे. जुन्या झाडाचा तपकिरी गाभा मोठा असतो. कोवळ्या झाडात बाहेरचा पांढरट पट्टा रुंद असतो. गाभ्यात झाड स्वतःच अशी द्रव्यं साठवतं की वाळवी आणि बुरशी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पांढऱ्या पट्ट्यात ती द्रव्यं जवळजवळ नसतात, उलट पिष्ट आणि साखर असते. म्हणजे एकाच फळीची एक कड वर्षानुवर्षं टिकणारी आणि दुसरी कड दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होणारी. ‘साग आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं, पण ते गाभ्यापुरतंच खरं आहे.

सुतारमामांनी जमेल तेवढा पांढरा भाग काढून टाकला. तरी काही फळ्यांच्या कडेला तो राहिलाच. त्या कडांना आधी वाळवीचं औषध पाजलं. ब्रशनं लावायची अशी औषधं हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात, पिडिलाइटचं टर्मिनेटर हे त्यातलं बहुतेकांच्या ओळखीचं नाव. हातमोजे घालून, तोंडाला बांधून, मोकळ्या हवेत हे काम करायचं आणि ते पुरतं वाळल्याशिवाय वरून काहीही लावायचं नाही.

दुसरी गोष्ट ओल. सॉ मिलवरून आलेलं लाकूड वरून कोरडं दिसलं तरी पोटात ओलं असतं, आणि ओल्या लाकडाला कुठलंही तेल पाजा, ते वरच्या वर राहतं. फळ्या आल्या त्या पावसाळ्याच्या तोंडावर. मी त्या मागच्या पडवीत थप्पी लावून ठेवल्या, दोन फळ्यांच्या मध्ये आडव्या पट्ट्या घालून, म्हणजे वारा सगळीकडून खेळेल. ओल मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. पण प्रयोगशाळेत आपण पदार्थ वाळवताना वजन स्थिर होईपर्यंत थांबतो, तेच इथं केलं. थप्पीतलाच एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर अधूनमधून ठेवायचा आणि वजन वहीत लिहायचं. आषाढ-श्रावणात वजन फारसं हललं नाही. नवरात्राच्या सुमारास ते भराभर उतरायला लागलं आणि दिवाळीनंतर एका आकड्यावर थांबलं. तेव्हा काम काढलं. घाईनं मे महिन्यात कुंपण ठोकून, वळवाच्या दोन सरींच्या मधे ब्रश मारणारी माणसं मी आमच्याच गल्लीत पाहिली आहेत. तसं करू नका एवढंच कळकळीनं सांगते.

तिसरी गोष्ट खांबांचे पाय. लाकडी खांब थेट मातीत किंवा काँक्रीटमध्ये पुरला की जमिनीलगतची दोन-चार बोटं जागा सतत ओली-कोरडी होत राहते, आणि खांब कुजतो तो नेमका तिथंच. वरून कितीही भारी तेल लावा, या जागेपुढं त्याचं काही चालत नाही. आपल्या अंबाबाईच्या देवळातला गरुड मंडप आठवा. उत्तम साग, डोक्यावर छप्पर, तरी खांब तळाकडून खराब झाले आणि मंडप उतरवून नव्यानं उभारायचं काम हाती घ्यावं लागलं. मग उघड्यावरच्या कोवळ्या सागाची काय कथा! आम्ही उद्यमनगरमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून प्रत्येक खांबासाठी लोखंडी बूट करून घेतला. खाली काँक्रीटमध्ये गाडलेला रॉड, वर इंग्रजी यू आकाराची पट्टी, तिच्यात खांब बोल्टनं आवळलेला. बूट गॅल्व्हनाइज करून घेतले. लाकडाचा तळ जमिनीपासून तीन बोटं वर राहतो, खालून वारा जातो, पाणी साचत नाही, आणि वाळवीनं चढायचं ठरवलं तरी तिची मातीची नळी लोखंडावर लगेच दिसते. कुंपणावरचा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च मी याला म्हणेन.

आता मूळ प्रश्न. पेंटर बघायला आला तो आधीच ठरवून. “मॅडम, प्रायमर, लांबी आन् दोन हात ऑइल पेंट. चॉकलेटी कलर मारू. घर उठून दिसतंय बघा.” चांगला माणूस आहे, आमच्या घराचं आतलं सगळं रंगकाम त्यानंच केलंय आणि ते उत्तम आहे. पण घरातल्या दाराला जे चालतं ते बागेतल्या फळीला चालत नाही. ऑइल पेंटचा लाकडावर एक थर बसतो. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, आणि तो थर त्याच्याबरोबर किती वेळा ताणला जाणार? कुठंतरी केसाएवढी भेग पडते, बहुतेक वेळा खिळ्यापाशी नाहीतर सांध्यात. तिथून पाणी आत शिरतं, पण थरामुळं बाहेर पडू शकत नाही. वरून कुंपण छान चॉकलेटी आणि आतून लाकूड ओलं. पोपडे निघायला लागले की नुसता वरून हात मारून भागत नाही. सगळं खरवडावं लागतं, पॉलिश पेपर मारावा लागतो, परत प्रायमर, परत लांबी. फळ्यांच्या मधल्या फटीत हात जात नाही तिथं ते खरवडणार कोण?

पारदर्शक पॉलिशबद्दल तर मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण सागाला पारदर्शक पॉलिश द्यावंसं सगळ्यांनाच वाटतं. इतके सुंदर रेषे असताना ते झाकायचे कशाला, हे मलाही मनापासून पटतं. फर्निचरचं लाखेचं पॉलिश आणि मेलामाइन यांचा विचारच नको, ती घरातली कामं आहेत. बाहेरच्या वापराचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मिळतं आणि ते महागही असतं. अडचण अशी की पारदर्शक थरातून ऊनही आरपार जातं. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं जे लिग्निन असतं, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडतं. थर शाबूत असतो, पण त्याच्या खालचा लाकडाचा पापुद्रा सुटा होतो, आणि मग थराला धरायला काहीच उरत नाही. अतिनील किरण अडवणारी द्रव्यं त्यात घातलेली असतात, त्यानं हे लांबतं, थांबत नाही. रंगद्रव्य असलेल्या तेलात मुख्यतः लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. लाल माती ज्याच्यामुळं लाल दिसते तेच हे. ते कण ऊन स्वतःवर घेतात. म्हणून कुंपणासाठी ‘क्लिअर’ लिहिलेला डबा घेऊ नका, थोडा तरी रंग असलेला घ्या. रेषे तरीही दिसतात.

हे सगळं वाचून ठाऊक असलं तरी पैसे घालण्याआधी डोळ्यांनी बघायचं होतं. फळ्या पडवीत वाळत होत्या त्याच पावसाळ्यात मी सागाचे उरलेले तुकडे घेतले, प्रत्येकाला वेगळं काही लावलं, मागं पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि पश्चिमेच्या भिंतीवर तारेनं बांधून टाकले. आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडूनच झोडपतो. गगनबावड्याइतका नसला तरी ज्या दिवसांत अख्खं गाव सकाळी उठल्याबरोबर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतं, इशाऱ्याची ३९ फूट झाली का, धोक्याच्या ४३ फुटांकडं चाललीय का, त्या दिवसांत भिंत दिवसेंदिवस वाळत नाही. लाकडाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

ऑइल पेंटचा तुकडा समोरून चांगला राहिला, पण कापलेल्या टोकाला फुगला आणि तिथं रंगाला चीर गेली. पारदर्शक पीयूच्या तुकड्यावर गणपतीच्या सुमारास स्क्रूच्या भोकाभोवती पांढुरका डाग दिसायला लागला. नखानं उचलला तर पापुद्रा अलगद वर आला, आणि त्याच्या आतल्या बाजूला लाकडाची पूड चिकटलेली होती. हे मी भिंग घेऊन पाहिलं. थर तुटला नव्हता, लाकडानं त्याला सोडलं होतं. 

काहीच न लावलेले तुकडेही ठेवले होते. गाभ्याचा तुकडा नुसता करडा पडला, बाकी त्याला काही झालं नाही. पांढऱ्या पट्ट्याच्या तुकड्यावर काळे-निळे डाग आले. तुमच्याकडं जुन्या सागाचा निव्वळ गाभा असेल आणि करडा, रापलेला रंग आवडत असेल, तर काहीही न लावणं हा अगदी योग्य पर्याय आहे. कुणी विकत नाही म्हणून तो कुणी सुचवतही नाही.

जवसाचं उकळलेलं तेल, पेंटरमंडळी ज्याला बेलतेल म्हणतात ते, माझ्या मनात सगळ्यात वर होतं. जुनं, साधं, स्वस्त. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लाकडातच घट्ट होतं. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दिलं तर आत छान मुरतं आणि सागाचा रंग असा काही खुलतो की बघत राहावं. पण आपल्या दमट पावसाळ्यात नुसतं बेलतेल हे बुरशीचं खाद्य आहे. श्रावणात त्या तुकड्यावर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके आले आणि भाद्रपदापर्यंत तो तुकडा काळपट झाला. घासून काढता येतात, पण दरवर्षी सगळं कुंपण घासायचं? कोरड्या मुलखात ते चालत असेल, इथं मी सुचवणार नाही.

काजूच्या टरफलाचं तेल हे आपल्या जिल्ह्याचं. चंदगड-आजऱ्याकडं काजूचे कारखाने आहेत आणि टरफलातून हे काळपट, दाट तेल निघतं. कोकणात होड्यांना, खांबांना ते पिढ्यान् पिढ्या लावतात. चंदगडच्या एका माजी विद्यार्थ्यानं मला बाटलीभर आणून दिलं. खरं सांगते, पावसात सगळ्यात भक्कम हेच ठरलं. बुरशी नाही, वाळवी नाही, पाणी मोत्यासारखं घरंगळतं. पण त्यात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, ते कातडी भाजून काढतं. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय ते सावकाश वाळतं, उन्हात पुन्हा चिकट होतं आणि लाकूड काळंभोर करतं. गोठ्याच्या, मळ्यातल्या खांबांना जरूर लावा, रबरी हातमोजे घालून. आमच्या कुंपणाला नातवंडं टेकून उभी राहतात, तिथं नको वाटलं.

जळकं ऑइल मी तुकड्यालासुद्धा लावलं नाही. गॅरेजमधून फुकट मिळतं, खेड्यात सर्रास फासतात, म्हणून अनेकांनी सुचवलं. गाडीच्या इंजिनातून निघालेल्या तेलात जड धातू आणि जळलेल्या इंधनाचे विषारी अंश असतात. ते कधी वाळत नाही, पावसाबरोबर मातीत उतरतं. आमच्या कुंपणावर दोडका, कारली, घेवडा चढतो आणि बुडाशी कोथिंबीर असते. जिथलं आपण खातो त्या मातीत हे घालायचं नाही, यावर माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

उरलं मुरणारं रंगीत तेल. त्याचा तुकडा पावसाळ्याअखेर थोडा फिका पडला होता. ठिपके नव्हते, पापुद्रा नव्हता, टोक फुगलं नव्हतं. मग निर्णय करायला फार विचार लागला नाही.

डबा घेताना काय वाचायचं ते सांगते. बाहेरच्या वापरासाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. थर न करता आत मुरणारं हवं. बुरशीनाशक असल्याचा उल्लेख हवा, काही डब्यांवर आयपीबीसी असं लिहिलेलं असतं, ते तेच. रंगद्रव्य असलेलं हवं. पुढच्या हाताआधी घासायची गरज नाही असं लिहिलं असेल तर उत्तम. शेड कार्डवरच्या चौकोनावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या लाकडाच्या तुकड्यावर लावून, वाळवून, बाहेर उन्हात बघा. कार्डवर मधाळ दिसलेली छटा आमच्या सागावर विटकरी दिसली आणि शेवटी आम्ही तिच्या शेजारची फिकी छटा घेतली. फार गडद घेऊ नका असंही मी म्हणेन, गडद रंग उन्हात जास्त तापतो आणि फळ्या जास्त पिळतात.

लावायच्या वेळी सुतारमामांचं एक वाक्य मी शिरोधार्य मानलं. “वैनी, लाकूड मुंडक्यातनं पाणी पितंय. तोंडाला आधी तेल पाजा, अंगाला एक हात कमी पडला तरी चालंल.” अगदी शास्त्रशुद्ध आहे हे. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या फळीच्या लांबीच्या दिशेनं असतात आणि कापलेल्या टोकाला त्यांची तोंडं उघडी पडतात. म्हणून फळ्या ठोकण्याआधीच, जमिनीवर असताना, सहाही बाजूंनी तेल दिलं. एका पसरट डब्यात दोन बोटं तेल घेऊन फळ्या त्यात टोकावर उभ्या केल्या. बघण्यासारखं असतं ते. तेल पातळीच्या वर, रेषांतून चढताना दिसतं, एक रेष पुढं, एक मागं, आणि थोड्या वेळानं डब्यातली पातळी उतरलेली असते. फळी बाजूनं जेवढं पिते त्याच्या कितीतरी पट टोकानं पिते. फळ्या लागल्यावर हे करता येत नाही, म्हणून क्रम चुकवू नका. नंतर जिथं कापाल, भोक पाडाल, तिथंही लगेच बोळ्यानं तेल भरा.

समोरची बाजू रंधा मारून घेतली होती, मागची करवतीची तशीच खरबरीत ठेवली. खरबरीत बाजूनं जवळजवळ दुप्पट तेल प्यायलं आणि पावसाळ्यानंतर तीच बाजू अधिक चांगली आहे. लाकूड जास्त मुरवून घेतं म्हणून. पुन्हा कुंपण केलं तर मी समोरूनही फार गुळगुळीत करणार नाही. पहिला हात सढळ, मग पाव-अर्ध्या तासानं जे वर राहिलं असेल ते फडक्यानं पुसून घ्यायचं. हे पुसणं टाळू नका. न मुरलेलं तेल वर चिकट थर करतं आणि मग त्याच्यावर सगळं चिकटतं. आमच्याकडं सगळं म्हणजे उसाची राख. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की फडातलं पाचट पेटतं, आणि वारं आपल्याकडं असलं की संध्याकाळी अंगणभर काळ्या, हलक्या चिंध्या उतरतात. कळंबा, पाचगाव, शिंगणापूर, कुठंही राहत असाल तर तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तेलाचं काम दव वाळल्यावर सकाळी सुरू केलं, सावलीत केलं आणि दुपारी आवरतं घेतलं. राखेच्या वेळेपर्यंत पृष्ठभाग बोटाला लागत नव्हता.

आणि ही एक सूचना कृपा करून गंभीरपणे घ्या. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात, गोणीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाच्या जातीची तेलं वाळताना ऑक्सिजन घेतात तेव्हा उष्णता निघते. उघड्या फळीवर ती उडून जाते, पण फडक्यांच्या ढिगात कोंडते, आणि ढीग काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर, एकेरी, सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आमच्या पेंटरला, इतकी वर्षं या धंद्यात असून, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याला मी कागदावर लिहून दिलं आणि त्यानं ते घडी करून पाकिटात ठेवलं.

लावण्याबद्दल आणखी थोडंच. साधे लोखंडी खिळे वापरू नका, सागातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाची क्रिया होऊन खिळ्याखाली काळे ओघळ येतात. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लक्ष्मीपुरीत मिळाले, महाग पडले, पण आमच्या फळ्यांवर एकही ओघळ नाही. त्याच कारणानं बूट आणि लाकूड यांच्या मध्येही रबराची पट्टी घातली. फळ्यांमध्ये करंगळीएवढी फट ठेवा. वरची टोकं उतरती कापा, पाणी थांबत नाही.

खर्च. कुंपण सुमारे साठ फूट लांब, चार फूट उंच. दोन्ही बाजू, कडा, टोकं, दोन हात मिळून तेल दहा लिटरच्या आसपास लागलं. डब्यावर लिहिलेल्या क्षेत्रफळापेक्षा हे बरंच जास्त आहे. तो आकडा गुळगुळीत लाकडाचा असतो, हिशेब करताना दीडपट धरा. लिटरचा भाव ऑइल पेंटपेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि पहिल्या बिलाकडं बघून कुणाचंही मन मागं फिरेल. पण प्रायमर नाही, लांबी नाही, त्यांची मजुरी नाही. आणि खरा फरक पुढच्या खेपेला पडतो. खरवडणं नाही. झाडून, धुऊन, वाळवून एक हात.

तक्रारीही आहेत. डब्यावरचा सगळा मजकूर इंग्रजीत आणि मुंगीएवढा. जो माणूस प्रत्यक्ष ब्रश धरणार आहे, त्याला तो वाचता येत नसेल तर ‘वीस मिनिटांत पुसा’ लिहून काय उपयोग? कंपन्यांनी हे मराठीत, चित्रं काढून द्यायलाच हवं. एका दुकानातून घेतलेला डबा इतका जुना निघाला की रंगद्रव्य तळाशी दगडासारखं बसलं होतं, कितीही ढवळलं तरी सुटेना. दुकानदारानं बदलून द्यायला खळखळ केली. डबा घेताना तारीख बघा आणि दुकानातच उघडून काठीनं तळ खरवडून बघा, कुणाला काय वाटेल याचा विचार करू नका. लहान डबे सगळीकडं ठेवत नाहीत, चार लिटरचाच घ्या म्हणतात. आणि उघडलेला अर्धा डबा वर्षभर टिकवायचा तर उरलेलं तेल छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवावं लागतं, नाहीतर हवेनं वर साय धरते.

हे तेल कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना पांढरं किंवा निळं-हिरवं, भरीव रंगाचं कुंपण हवंय त्यांना यातून ते मिळणार नाही. आधीच ऑइल पेंट दिलेल्या जुन्या लाकडावर ते मुरणारच नाही, तिथं पैसे वाया. आणि एकदा लावलं की पाच-सात वर्षं बघायचंच नाही, अशी अपेक्षा असेल तर लोखंडी जाळी घालावी. लाकडाकडं दरवर्षी एकदा बघावंच लागतं.

आत्ता, पाऊस ओसरल्यावर, सबंध कुंपण हात लावून तपासलं. कुठंही पापुद्रा नाही, फळ्या पिळलेल्या नाहीत, खांबांचे तळ कोरडे. उत्तरेकडच्या, पेरूच्या सावलीतल्या दोन फळ्यांवर हिरवट शेवाळ धरलं होतं, ते साध्या ब्रशनं पाणी मारून निघालं. रंग पश्चिमेला फिका झालाय, पूर्वेला लावला होता तसाच आहे. पुन्हा तेल कधी द्यायचं हे ओळखायची सोपी रीत आहे. फळीवर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब टपोरा उभा राहिला तर तेल अजून आहे. पसरून लाकडात गडद डाग पाडत मुरला तर वेळ झाली. पूर्वेच्या फळ्यांवर थेंब तसाच उभा राहतो. पश्चिमेला तो हळूहळू पसरायला लागलाय, म्हणून दिवाळीनंतर तेवढ्याच बाजूला एक हात देणार आहे, पेंटरला न बोलावता, मी आणि सून मिळून. त्यासाठी तेल शिल्लक आहे, वेल तेवढे आधी उतरवून घ्यावे लागतील.